गॅस लीक डिटेक्टर: घरात, सोसायटीत, हॉटेलात खरंच सक्तीचा आहे का?

मुठाकाठची (धागाकर्ती) | शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

आमची कोथरूडची सोसायटी, ४८ बिऱ्हाडं. मी यंदाची सेक्रेटरी, म्हणजे सभेत सगळे खाली बघत होते तेव्हा माझी मान चुकून वर होती. दिवाळीच्या आधी पाइपचा गॅस आला आणि बहुतेकांनी टाक्या परत केल्या. तळमजल्यावर वडा-सामोशाचं एक दुकान आहे, त्याच्याकडे अजून टाक्याच आहेत.

परवा गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक मनुष्य आला. "मॅडम, गॅस डिटेक्टर आता कायद्याने कंपल्सरी झालाय. नाही बसवला तर सोसायटीला दंड." घरटी ३,८०० रुपये, सगळ्यांनी मिळून घेतले तर ३,२००. पावतीपुस्तक घेऊनच आलेला. मी विचारलं कुठला कायदा, तर म्हणे "सरकारचा".

कमिटीत आता दोन तट आहेत. एक म्हणतो भरून टाका, पोलिसांचं लचांड नको. दुसरा म्हणतो फसवणूक आहे, त्याला आत घेतलंच का. मला एवढंच कळायला हवंय की घरांना सक्ती आहे का, दुकानाला आहे का, आणि असेल तर कुठे लिहिलंय.

घडी_चौकोनी | रात्री १०:३१

वाचतोय. आमच्याकडेही असाच एक जण येऊन गेला. त्याचा दर ४,५०० होता, म्हणजे तुमचा स्वस्त. (ह.घ्या.)

बंब_नंबर_चार | रात्री ११:०५

अग्निसुरक्षेच्याच धंद्यात आहे, म्हणून जरा सविस्तर.

प्रत्येक स्वयंपाकघरात डिटेक्टर हवाच असं म्हणणारा देशव्यापी कायदा नाही. ज्याने "सरकारचा" असं उत्तर दिलं त्याला पुढच्या वेळी कलम विचारा, जिना आपोआप मोकळा होईल.

पण "कायदाच नाही" असंही समजू नका. आपल्याकडे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ आहे आणि त्याखालचे २००९ चे नियम आहेत. आगीपासून बचावाची साधनं बसवायची आणि चालू ठेवायची जबाबदारी त्याने मालकावर आणि भोगवटादारावर टाकली आहे. साधनं चालू आहेत असं प्रमाणपत्र, म्हणजे 'नमुना ब', परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, घ्यायचं असतं. न पाळल्यास कैदेचीही तरतूद आहे.

आता ह्यात "गॅस डिटेक्टर" हा शब्द शोधत बसलात तर दमाल. कायदा म्हणतो, तुमच्या इमारतीला जे लागू आहे ते बसवा. लागू काय, ते इमारतीची उंची आणि वापर बघून ठरतं, आणि ते नेमकं लिहिलेलं सापडतं अग्निशमन दलाच्या ना-हरकत दाखल्यातल्या अटींत. दाखल्यात डिटेक्टरची अट असेल तर तो तुम्हाला सक्तीचा. शेजारच्या इमारतीला नसेलही. त्यामुळे सेक्रेटरीबाई, आधी कपाट उघडा. बिल्डरने दिलेल्या फायलीत तो दाखला असतो. बहुतेक सोसायट्यांत तो हस्तांतरणाच्या दिवसानंतर कोणी वाचलेला नसतो.

सदाशिव_पेठी_शंका | रात्री ११:२०

राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्ये सगळं दिलेलं आहे आणि ती देशभर बंधनकारक आहे. उगाच गोंधळ घालू नये.

बंब_नंबर_चार | रात्री ११:४४

@सदाशिव_पेठी_शंका, संहिता भारतीय मानक ब्यूरोची आहे आणि स्वतःच्या बळावर ती मार्गदर्शकच आहे. राज्याच्या किंवा महापालिकेच्या नियमाने तिला घरात घेतलं की तिला दात येतात. २००६ च्या कायद्याने तिला तसं आत घेतलंय, आणि पहिल्या अनुसूचीत इमारतीच्या प्रकारानुसार किमान साधनांचा तक्ता दिला आहे. म्हणजे तुमचा निष्कर्ष अर्धा बरोबर, पण वाट चुकीची. कोर्टात वाटेलाच महत्त्व असतं.

सदाशिव_पेठी_शंका | रात्री ११:५१

मी कोर्टात जाणार नाहीये.

गॅसवाला_नाना | रविवार, सकाळी ७:१५

कायद्याचं कायदेवाल्यांनी बघावं. मी २२ वर्षं शेगड्या, रेग्युलेटर आणि पाइपलाइनची कामं करतोय. सेक्रेटरीबाई, माझा एकच प्रश्न. तुमच्याकडे आधी टाक्या होत्या आणि आता पाइप आलाय. ज्यांच्याकडे आधीपासून डिटेक्टर होते, त्यांनी ते हलवले का?

मुठाकाठची | सकाळी ९:०२

११ घरांत आहेत. हलवायचे कशाला? चालू आहेत, हिरवा दिवा लागतो.

गॅसवाला_नाना | सकाळी ९:४०

अहो, मग त्या ११ घरांत शोभेची वस्तू लावली आहे.

टाकीतला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन. हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड. गळला की पाण्यासारखा जमिनीवर पसरतो, ओट्याखाली साचतो, बाथरूमच्या जाळीत उतरतो. म्हणून टाकीवाल्या घरात डिटेक्टर जमिनीपासून फूटभराच्या आत लावतात. पाइपचा गॅस मुख्यतः मिथेन. हवेच्या निम्म्याहून थोडाच जास्त वजनाचा, गळला की सरळ छताला जातो. त्याचा डिटेक्टर छतापासून फूटभराच्या आत हवा, खिडकी-दाराच्या चौकटीच्या वर. तुमच्या ११ घरांत गॅस वर गोळा होईल आणि यंत्र खाली स्टुलाशेजारी हिरवा दिवा दाखवत बसेल.

नुसतं वर चढवूनही भागेलच असं नाही. डब्याच्या मागे कुठल्या गॅससाठी आहे ते छापलेलं असतं. काही दोन्ही ओळखतात, काही फक्त टाकीच्या गॅससाठी जुळवलेले असतात. आणि बनावटीची तारीख बघा. घरगुती डिटेक्टरच्या आतला सेन्सर साधारण ५ वर्षांचा धनी. त्यानंतर दिवा लागतो, पण नाक गेलेलं असतं.

अजून एक. शेगडीच्या डोक्यावर लावू नका. वाफ आणि तेलकट धुराने सेन्सर लवकर मरतो. खिडकीपाशीही नको.

मुठाकाठची | सकाळी ९:५८

नाना, परवा आलेला मनुष्य सगळ्या घरांत "सिंकखाली लावून देतो, दिसणार नाही" म्हणत होता.

गॅसवाला_नाना | सकाळी १०:०३

बरोबर आहे. तिथे भोक पाडायला सोपं.

डोंबिवलीची_आजी | सकाळी ११:३०

माझं वेगळंच आहे. २०२१ मध्ये कोविड झाला आणि वास गेला तो पुरता परत आलाच नाही. आमसुलाचं सार आणि कढी, दोन्ही मला सारखंच. एकदा दूध उतू जाऊन बर्नर विझला आणि मी बाजूला बसून वर्तमानपत्र वाचत होते. शेजारीण धावत आली म्हणून कळलं. त्यानंतर मुलाने तो डबा लावून दिला. कायदा असो नसो, माझं ते नाक आहे.

फक्त हल्ली तो वेळीअवेळी ओरडतो. काल नातू क्रिकेटहून आला, अंगावर फवारा मारला आणि डबा कोकलायला लागला. नातवाला वाटलं त्याच्या घामाने.

गॅसवाला_नाना | दुपारी १२:१०

आजी, डबा खरं बोलतोय! डिओडरंटच्या बहुतेक डब्यांत फवारा उडवायला जो वायू भरतात तो प्रोपेन-ब्यूटेनच, म्हणजे आपल्या टाकीतलाच भाऊबंद. झुरळाच्या स्प्रेचंही तेच. सॅनिटायझरच्या वाफेनेही साधे सेन्सर ओरडतात. नातवाला गॅलरीत पाठवा.

पण ओरडतो म्हणून प्लग काढून ठेवू नका हं. निम्म्या घरांत तेच बघतो.

मुळशीचा_मास्तर | दुपारी १२:४५

शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून एक हिशोब मांडतो. टाकीचा गॅस हवेत साधारण २ टक्के झाला की पेटू शकतो. मिथेनला ५ टक्के लागतात. आता ८ बाय १० फुटांचं, १० फूट उंचीचं स्वयंपाकघर घ्या. झाले ८०० घनफूट, म्हणजे जवळपास २२.५ घनमीटर. त्याचे २ टक्के म्हणजे ०.४५ घनमीटर, आणि एवढ्या गॅसचं वजन भरतं साधारण १ किलो. १४.२ किलोच्या टाकीतला १ किलो गॅस अख्खी खोली भरायला पुरतो. तोही सगळीकडे सारखा पसरला असं धरून. प्रत्यक्षात तो खाली साचतो, त्यामुळे पायाशी ही पातळी कितीतरी आधी येते.

गॅसला स्वतःचा वास नसतो. म्हणून मर्कॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मिसळतात, आणि मात्रा अशी ठेवतात की पेटण्याच्या किमान पातळीच्या पाचव्या हिश्श्यातच नाकाला कळावं. युरोपातलं घरगुती डिटेक्टरचं मानक, ईएन ५०१९४, तेही त्या पातळीच्या २० टक्क्यांच्या आतच ओरडायला सांगतं. म्हणजे चांगला डिटेक्टर आणि चांगलं नाक साधारण एकाच सुमारास जागे होतात. फरक एवढाच की डिटेक्टरला सर्दी होत नाही आणि तो दुपारी झोपत नाही.

घडी_चौकोनी | दुपारी १:०२

मास्तर, हे पहिल्यांदाच समजलं. साठवून ठेवलं.

तर्रीवाला | दुपारी ३:२०

नाशकात खानावळ आहे, ६० ताटांची. हॉटेलवाल्यांची बाजू मांडतो.

आम्हाला सूट नाही. खाद्यगृहाचा परवाना काढताना आणि नूतनीकरणाला अग्निशमनचा दाखला लागतो. माझ्या दाखल्यात टाक्या स्वयंपाकघराबाहेर जाळीच्या बंदिस्तीत, लोखंडी पाइपने गॅस आत, आणि डिटेक्टर व हूटर अशा अटी आहेत. डिटेक्टरला सोलेनॉइड व्हॉल्व्ह जोडलेला आहे. गॅस लागला की हूटर वाजतो आणि लाइन आपोआप बंद होते. घरगुती डबा नुसता ओरडतो, बंद काही करत नाही. हा फरक दुकानाच्या बाबतीत लक्षात घ्या. सकाळी ११ वाजता वडे तळताना कोण ऐकणार आहे?

पहिल्या महिन्यात काय झालं तेही सांगतो. आचाऱ्याने पॅनेलचा स्विचच बंद केला. कारण काय, तर कढईत वाइनचा शिडकावा मारला की हूटर वाजायचा. (खानावळीत वाइन कशाला विचारू नका, नाशिक आहे.) मी चार दिवसांनी बघितलं. त्या चार दिवसांत दाखल्याप्रमाणे माझ्याकडे डिटेक्टर होता.

आणि लाल टाकी. घरगुती १४.२ किलोची टाकी हॉटेलात वापरायला २००० च्या एलपीजी पुरवठा व वितरण आदेशाने मनाई आहे, आणि तो आदेश जीवनावश्यक वस्तू कायद्याखालचा आहे. १९ किलोची व्यावसायिकच लागते. तुमच्या वडेवाल्याकडे कुठली आहे ते आधी बघा.

वऱ्हाडी_ठेचा | सायंकाळी ५:१५

पाच टाक्यांचं गणित कोणी सांगितलं नाही अजून. आमच्या नागपूरचंच हापिस हाय, पेसो, म्हंजे पेट्रोलियम अँड एक्स्प्लोझिव्ह्ज सेफ्टी ऑर्गनायझेशन. गॅस सिलिंडर नियम २०१६ परमाणं १०० किलोपर्यंत एलपीजी साठवाले त्यायचं लायसन लागत नाही. १९ पंचे ९५. सहावी टाकी ठेवली का ११४ झाले, मंग लायसन. म्हनून हाटेलात पाच टाक्याच दिसते, आन् सहावी मागच्या बोळात, पोत्याखाली.

मुठाकाठची | सायंकाळी ५:३१

आत्ताच खाली जाऊन आले. निळ्या (व्यावसायिक) चार दिसल्या, आणि एक लाल. लाल कशाला विचारलं तर म्हणाला "ती घरची आहे, चहापुरती".

तर्रीवाला | सायंकाळी ५:३३

चहापुरती! आमच्या बाजूला एक जण "देवापुरती" म्हणतो.

क्वीन्सकर | रात्री ९:४८

न्यू यॉर्कहून. इथे उलट चाललंय, म्हणून लिहितो. २०१४ मध्ये ईस्ट हार्लेममध्ये गॅसच्या स्फोटात दोन इमारती कोसळल्या, ८ माणसं गेली. पुढच्या वर्षी ईस्ट व्हिलेजमध्ये पुन्हा स्फोट, २ गेले. मग २०१६ मध्ये शहराने स्थानिक कायदा १५७ केला. राहत्या घरांत नैसर्गिक वायूचा (म्हणजे पाइपच्या गॅसचा) डिटेक्टर लावायचा, आणि भाड्याच्या घरात तो घरमालकाने लावायचा. जागाही ठरलेली. गॅसच्या उपकरणापासून आडवं ३ ते १० फूट, आणि उंची छतापासून १२ इंचांच्या आत. नानांनी सांगितलं तेच.

आता गंमत बघा. कायदा २०१६ चा, मुदत ठरली १ मे २०२५, आणि तीही पुढे ढकलून १ जानेवारी २०२७ केली. तेव्हा "तिकडे बघा, सगळं शिस्तीत" असं कोणी म्हणू नका. आमच्या सुपरने (इमारतीची देखभाल करणाऱ्याने) माझ्या घरी लावलाय तो शेगडीच्या बरोब्बर वर. नॉन-स्टिक तव्यावर धिरडं टाकलं की ओरडतो.

सदाशिव_पेठी_शंका | रात्री १०:०५

पण आपल्याकडेही अशी सक्ती हवीच. कुर्ल्याला ऑक्टोबर २०१५ मध्ये हॉटेलात सिलिंडरचा स्फोट होऊन ८ जण गेले. जेवायला गेलेली कॉलेजची मुलं होती. त्यानंतर चार दिवस तपासण्या झाल्या, मग पुन्हा जैसे थे. घरोघरी डिटेक्टर सक्तीचा केला तर निदान सुरुवात होईल.

गॅसवाला_नाना | रात्री १०:४०

शंकासाहेब, सक्तीला माझा विरोध नाही, माझा तर धंदाच वाढेल. पण मी रोज घरात शिरतो. रबरी नळी बघतो तर ९-१० वर्षांची, वर कापड गुंडाळलेलं, उंदराने कुरतडलेली. नळी ५ वर्षांनी बदलायची असते, तारीख तिच्यावरच छापलेली असते आणि किंमत डिटेक्टरच्या दशांशाहून कमी. बरं, गॅस कंपन्यांचा विमा असतो टाकीवाल्यांना, अपघाती मृत्यूला ६ लाख वगैरे, पण नळी आणि रेग्युलेटर मानक चिन्हाचे नसले की दावा अडकतो. ३,८०० चा डबा लावायचा आणि त्याखाली कुरतडलेली नळी ठेवायची, हे मी बघितलंय. सक्ती झाली की माणसं डबा घेतात आणि डोक्यातून विषय काढून टाकतात.

बंब_नंबर_चार | रात्री ११:१०

नानांशी अर्धा सहमत. दुकानं, हॉटेलं, गॅस बँक (एकत्र जोडलेल्या टाक्या) असलेल्या इमारती इथे सक्ती हवीच, कारण तिथे चूक एकाची आणि मरणारे दुसरेच असतात. घरांच्या बाबतीत मी म्हातारी माणसं, वास न येणारे, तळघर किंवा खिडकी नसलेलं स्वयंपाकघर, इथे आग्रहाने लावा म्हणतो. बाकीच्यांनी आधी नळी.

आणि विषय निघालाच आहे तर, बाथरूममधला गॅस गीझर. तिथे माणसं मरतात ती बहुतेकदा गळतीने नाही, कार्बन मोनॉक्साइडने. त्याला वास नाही, आणि गॅस लीक डिटेक्टर तो ओळखत नाही. त्याचं यंत्र वेगळं असतं. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर आधी तो बाहेर काढा, मग पुढचं बोलू.

डोंबिवलीची_आजी | सोमवार, सकाळी ८:२०

डबा वाजला तर नेमकं काय करायचं ते कोणीच लिहिलं नाही. मी तर घाबरून दिवाच लावते.

गॅसवाला_नाना | सकाळी ८:४१

आजी, दिवा लावायचा नाही आणि बंदही करायचा नाही. बटण दोन्ही वेळा ठिणगी टाकतं. एक्झॉस्ट पंख्यालाही हात नाही. शेगडीची बटणं आणि रेग्युलेटर बंद, खिडक्या-दारं सताड उघडी, आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन. टाकीच्या गॅससाठी तो नंबर चोवीस तास चालतो. फोनही बाहेर जाऊनच लावा. पाइपवाल्यांनी मीटरजवळचा कॉक आडवा करायचा आणि बिलावरचा आणीबाणीचा नंबर आजच दारामागे चिकटवायचा.

मुठाकाठची | गुरुवार, रात्री ९:५५

मंडळी, कपाट उघडलं. किल्ली माजी चेअरमनकडे होती, ते मुलीकडे बावधनला होते, म्हणून तीन दिवस लागले.

दाखला सापडला, २०११ चा, दोन पानी. ४८ घरांसाठी गॅस डिटेक्टरची अट नाही. जिन्याची रुंदी, पाण्याची टाकी, होज रील (आग विझवायची गुंडाळलेली नळी), एवढंच. त्या ओळखपत्रवाल्याला फोन करून कलम विचारलं, तो "सरांना विचारून सांगतो" म्हणाला, त्यानंतर फोन उचलत नाही. ११ घरांचे डिटेक्टर नानांच्या सांगण्याप्रमाणे तपासले. ४ दोन्ही गॅसचे निघाले, ते वर चढवले. ५ ची पाच वर्षं कधीच उलटली होती. २ फक्त टाकीच्या गॅसचे, त्यातला एक मी वडेवाल्याला द्यायला निघाले होते.

तेवढ्यात दुसऱ्या पानावर नजर गेली. अट क्रमांक १४. तळमजल्यावरची दुकानं फक्त किरकोळ विक्रीसाठी, तिथे स्वयंपाक करायला किंवा ज्वलनशील पदार्थ साठवायला परवानगी नाही, वापर बदलायचा तर नवीन दाखला घ्यावा लागेल.

दुकान ९ वर्षांपासून आहे.

बंब_नंबर_चार | रात्री १०:२०

म्हणजे डिटेक्टर लावायचा की नाही हा प्रश्नच तिथे उरत नाही. आधी वापरबदलाचा अर्ज. टाक्या बाहेर काढायला जागा आहे का ते बघून अग्निशमन दल अटी घालेल, त्यात डिटेक्टर येईलच. तोपर्यंत कढई बंद, आणि हे त्याला लेखी द्या. जुलैचा 'नमुना ब' कोणी सही केला होता तेही जरा बघा.

मुठाकाठची | रात्री १०:३२

बघितलं. "सर्व समाधानकारक" लिहिलंय.

रविवारी कमिटीची मीटिंग लावली आहे, हाच विषय. चहा-वडा त्याच्याकडूनच येतो, ऑर्डर आधीच गेलेली आहे.